परवान्याचा अर्ज ढिवरांनाही वाचू द्या

संपादक महोदय,

अमेरिकेत समुद्रातून नदीत चढणाऱ्या संकटग्रस्त स्टर्जन माशावर संशोधन करायचे तर १९७३च्या कायद्याखाली परवाना लागतो. किती मासे धरणार, किती दगावू शकतील, सगळे अर्जात लिहायचे. अर्ज जाहीर होतो आणि ३० दिवस कोणीही मत कळवू शकतो. आपल्या १९७२च्या वन्यजीव कायद्यातही कलम १२खाली संशोधनाचा परवाना आहेच. तो देणारे मुख्य वन्यजीव रक्षक तर आपल्या नागपुरातच बसतात! असे अर्ज मराठीतून संकेतस्थळावर टाकायला काय हरकत आहे? जाळ्याचा धागा कल्ल्यात रुतला की मासा सोडवताना खवले हाताला चिकटून येतात. अभ्यासाच्या नावाखालीही मासा मरतोच. पावसाळ्यात कोणता मासा कधी चढतो, हे वैनगंगेवर मासेमारी करणाऱ्या ढिवरांना विचारा की!

– एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, धरमपेठ, नागपूर