आई-बाबा, अजून एक सीझन खेळतो

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "आता पुढं काय?" तेव्हा भोवती सगळी टीम होती, मोकळं बोलता आलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

फुटबॉलचा अजून एक सीझन खेळायचं ठरवलंय. टीम आय-लीग 2 मधलीच, म्हणजे आयएसएल (देशातली सगळ्यात वरची इंडियन सुपर लीग) आणि आय-लीग यांच्या खालची तिसरी पायरी. करार सीझनपुरता. आयएसएल आता होणार नाही, हे मला कळतंय. 2017 ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून दिल्लीत खेळला, तेव्हा बाबा, तुम्ही टीव्हीसमोरून हलला नव्हता. तुमच्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे. मला ती वाट अर्धीच मिळाली. पण जेवढी मिळाली, तेवढी मनापासून चाललो आणि त्याचं मला समाधान आहे.

मी विंगर, मैदानाच्या कडेनं चढाई करणारा. विंगरचं सगळं पायांवर असतं. पहिल्या चार पावलांत समोरचा फुल बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, मागं पडला तरच पुढं काही घडतं, आणि ती चार पावलं आता पूर्वीसारखी पडत नाहीत. आधी मी बॉल पुढं टाकून लाइनच्या कडेनं सुसाट सुटायचो. आता बॉल पायाखाली धरतो, समोरच्याला जवळ येऊ देतो. त्यानं एका पायावर भार टाकला की दुसऱ्या बाजूनं बॉल काढतो आणि तिथूनच गोलसमोर क्रॉस टाकतो. कोच म्हणाले, यंदा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेला बचावात खेळ. मी हो म्हटलंय. इतकी वर्षं ज्याला चकवत आलो, त्याच्याच जागी उभं राहायचं. समोरचा विंगर काय करणार, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

आई, मागच्या एका टीमनं पगार बुडवला ते तू अजून विसरली नाहीस. या वेळी करार वकिलाला दाखवूनच सही केली. हॅमस्ट्रिंगही आता दुखत नाही.

हा सीझन झाला की कोचिंगचं डी लायसन्स करायचं आणि घरी यायचं. पण त्याआधी केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून शाहू स्टेडियमवर खेळायची फार इच्छा आहे. इथं कधीकधी प्रेक्षक इतके कमी असतात की बेंचवरचं बोलणं मैदानात ऐकू येतं. पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम अशी मॅच असली की आपल्याकडं काय गर्दी लोटते, ते सांगितलं तर इथल्या पोरांना खरं वाटत नाही. त्या गर्दीसमोर, आईसुद्धा आलेली असताना, मला एकदा खेळायचंय. आई, तू आजवर एकही मॅच बघितली नाहीस, भीती वाटते म्हणतेस. या वेळी यायचंच.

पावसाळ्यात सुट्टी आहे तेव्हा येतो. बाबा, गुडघ्याचा एक्स-रे तोवर काढून ठेवा, डॉक्टरांकडं बरोबरच जाऊ.

तुमचा,
बाळू