काका, बिट्टीचं झाड अजून उभं आहे

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पत्र तुम्हालाच आहे, पण जाहीर लिहिते आहे. आपल्या नागपूरच्या हुडकेश्वरात हल्ली दर दोन घरांआड कुणीतरी चार कोंबड्या पाळतं आणि माझ्याइतकंच अर्धवट वाचून घाबरतं. त्यांच्याही कामी येईल.

मागच्या श्रावणात तीन दिवस झड लागली होती. कोंबड्या खुराड्यात कोंडलेल्या. चौथ्या दिवशी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरचं गवत कापून घेतलं आणि भाराभर आत टाकलं. हिरवं खातील बिचाऱ्या! दुसऱ्या सकाळी तांबडी मेलेली, कबरी मान टाकून बसलेली. मी मोबाईल उघडला आणि तासाभरात माझी खात्री झाली, की आपल्या सांदवाडीत विषाशिवाय काही उगवतच नाही. आरोपी नंबर एक, घरमालकीणबाईंची बिट्टी. म्हणजे पिवळी कण्हेर. झाड तोडायला माणूस बोलावून मोकळी झाले. त्या रोज तीच फुलं महादेवाला वाहतात, तेही श्रावणात. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी मागच्या गल्लीतल्या काकांना विचार, मग कुऱ्हाड."

तुम्ही आलात, छत्री दाराशी टेकवली आणि झाडाकडे बघितलंही नाही. कबरीला काखेत धरून तिच्या गळ्याखाली, छातीच्या वर, गिळलेला दाणा आधी साठतो त्या पिशवीवर बोटं फिरवली. मग माझा हात धरून तिथे ठेवलात. चेंडूएवढा गोळा, मळलेल्या कणकेसारखा. दाबला की खळगा तसाच राहायचा. "सकाळपासून काही खाल्लं का इनं?" नाही म्हटलं. "मंग हे कालचंच आहे. रातच्याले हे पिशवी भरली पाहिजे, सकाळी रिकामी पाहिजे."

तांबडीला नळाखाली ब्लेडनं उघडून दाखवलंत. आतून निघाली गवताची दोरी. वीतवीतभर पाती, एकमेकांत वळलेली. बिट्टीचं एक पान नाही. उभं गवत कोंबडी ओढून तुकडा तोडते. कापून टाकलेलं लांब पातं ती अख्खंच गिळते, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. मारेकरी कोण, तर मी.

कबरीला ड्रॉपरनं थोडं गोडेतेल, मग हलक्या हातानं मालिश, दिवसभर नुसतं पाणी, नंतर भिजवलेला मऊ कोंडा. मी व्हिडिओत बघितलं होतं म्हणून तिला उलटं धरायला गेले, तेव्हा तुम्ही केवढ्यानं ओरडलात! पिशवीतलं पाणी श्वासनळीत गेलं असतं तर ती हातातच गेली असती. हीसुद्धा दगावली तर पुरू नको, सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात नेऊन शवविच्छेदन करून घे, हेही तुम्हीच सांगितलंत. तशी वेळ आली नाही.

मग चहा घेता घेता, पावसात, तुम्ही मला माझंच अंगण दाखवलंत. बिट्टी विषारीच, पान, साल, बी सगळं थेट हृदयावर जातं आणि पान वाळलं तरी विष जात नाही. तरी तुमचं म्हणणं, "कोंबडी येडी थोडीच आहे? पोटभर दाणा भेटला का कडू पाल्याकडे पाहत बी नाही. कोंडून उपाशी ठेवली का मंग कायबी खाते." झाड राहू दे, फक्त त्याचा पालापाचोळा खुराड्यात अंथरू नको. एरंडाच्या बिया घोड्याला फार लवकर बाधतात, कोंबडी त्या मानानं चिवट, पण म्हणून परीक्षा घ्यायची नाही. कुंपणावरची गुंज मात्र उपटायला लावलीत. माणसानं अख्खी गिळली तर कडक सालीमुळे बऱ्याचदा तशीच बाहेर पडते, कोंबडीच्या पेषणीत खडे असतात, तिथे तिचं दळणच व्हायचं.

खरा धोका तुम्हाला सापडला तो माझ्या पोत्यात. सासरे उमरेडहून खळ्यावरचं चाळण, म्हणजे धान्य चाळून उरलेली चुरी, पाठवतात. फुकटचा दाणा म्हणून मी खूश! तुम्ही मूठभर परातीत पसरलंत आणि चष्मा वर करून निवडायला बसलात. सोयाबीनच्या चुरीत तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या, बिया. पावसाळ्यात कोवळ्या पानांची भाजी आपण चवीनं खातो, पण बिया सतत पोटात गेल्या तर कोंबडीचे स्नायू खराब होतात, पाय लटपटतात, अंडी घटतात. खुळखुळा नावाच्या रानझाडाच्या चपट्या बिया. त्या यकृत खातात. गव्हाच्या चाळणात मोहरीसारखे काळे दाणे निघाले, ते पिवळ्या धोतऱ्याचे. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात ह्याच बियांचं तेल मिसळल्यामुळे माणसं सुजून मेली होती, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझा चहा गार झाला. झाडावरचं बी कोंबडी टाळते. दाण्यात मिसळलेलं तिला निवडायला आपण वेळच देत नाही.

आणि हो, सरकीच्या ढेपेचं कोडंही सुटलं. ठेवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट का पडतो म्हणून मी घरमालकीणबाईंच्या फ्रिजला दोष देत होते, दोष होता मी खाऊ घातलेल्या ढेपेचा.

आता खुराड्यात लांब गवत जात नाही. कात्रीनं बोटाच्या पेराएवढं करते. खडीची वाटी कायम भरलेली. चाळण सासऱ्यांना परत पाठवलं, ते थोडे रागावले, रागावू देत. रोज सकाळी दार उघडायच्या आधी एकेकीच्या गळ्याखाली हात फिरवते. कबरी चोचीनं मनगट फोडते, पण पिशवी रिकामी असते.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, अंडी "कोलेस्ट्रॉल आहे" म्हणून परत केलीत. तुमची ड्रॉपरची बाटली मात्र अजून माझ्याच खिडकीत आहे. रविवारी आणून देते. काकूंसाठी सहा अंडी सोबत असतील, त्यांना कोलेस्ट्रॉल नाही, मी विचारून घेतलंय.

तुमची,
बिट्टीवाल्या घरातली भाडेकरू