पुन्हा केलेला इको म्हणजे लूट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या ठाणे पुरवणीतला आयसीयूच्या बिलांवरचा लेख वाचला. बिलं अवाच्या सवा येतात, त्याबद्दल वाद नाही. पण इकोबद्दल, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल, 'पहिला इको नॉर्मल असताना पुन्हा इको कशाला?' हे वाक्य आपण चौकटीत, ठळक टायपात छापलंत, ते वाचून जीव जळला. हेच वाक्य आम्ही माजिवड्याजवळच्या एका रुग्णालयात ऐकलंय, तेही डॉक्टरच्या तोंडून.

थोरल्या भावाला लघवीच्या संसर्गातून सेप्सिस झाला, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादाने अवयवच निकामी होऊ लागले. दाखल करतानाच्या इकोत पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते) ६० टक्के, म्हणजे हृदय ठणठणीत. पुढे बीपी पडत गेलं तशा सलाइनच्या बाटल्या चढत गेल्या, बीपी वर आणणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनचा डोस वाढत गेला. दादाचे पाय सुजले, धाप वाढली, बोटं थंडगार. "हार्ट परत एकदा बघता का?" असं वहिनी रोज विचारायची. उत्तर ठरलेलं, इको नॉर्मल आहे. शेवटी रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टरबाई स्वतःच मशीन ढकलत घेऊन आल्या. छातीवर जेल लावून प्रोब टेकवला आणि थोड्याच वेळात म्हणाल्या, "काका, हृदय थकलंय. आता सलाइन आवरायला हवं." पंपिंग ३० टक्क्यांवर आलं होतं! सलाइन आवरलं, हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन सुरू केलं, तेव्हा कुठे लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) उतरू लागलं. दादा आज घरी आहे आणि हृदय जवळजवळ पूर्ववत आहे.

सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैलावतात. हृदयाला रक्त ढकलताना विरोधच उरत नाही, म्हणून दुबळ्या हृदयाचंही पंपिंग सुरुवातीला चांगलं दिसू शकतं. औषधाने बीपी वर आणलं की खरी अवस्था उघडी पडते. हे काही कालपरवा कळलेलं नाही. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसमुळे बीपी धोकादायकरीत्या पडतं तेव्हा, हृदय मंदावतं आणि जे रुग्ण वाचतात त्यांचं साधारण ७ ते १० दिवसांत सावरतं, अशी नोंद अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८४ मध्येच केली आहे. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पहिल्या ३ तासांत वजनाच्या दर किलोमागे किमान ३० मिलिलिटर सलाइन सुचवलंय. त्यापुढचं मात्र नुसत्या बीपीवर न ठरवता, पाय उचलून धरून किंवा इको करून हृदय कसा प्रतिसाद देतं ते बघून ठरवा, असं त्याच सूचना सांगतात. बोटाचं टोक दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परत येतो, हेही बघायला सांगितलंय. त्याला तर पैसाही पडत नाही.

आपली चौकट वाचून घोडबंदर रोडवरचा एखादा मुलगा आज बापाच्या दुसऱ्या इकोला नकार देईल, याची मला खरोखर धास्ती वाटते. लिहायचंच तर दरावर लिहा. खाटेपाशी केलेल्या त्या झटपट तपासणीला आमच्या बिलात पूर्ण इकोचा दर लावला होता. बातमीदाराने तिथे बोट ठेवलं असतं तर मी आभाराचं पत्र पाठवलं असतं.

आणि लेखासोबत 'इको' म्हणून छापलेला फोटो ईसीजीच्या पट्टीचा आहे. ईसीजी हृदयातली विजेची हालचाल दाखवतो. हृदय किती जोराने आकुंचन पावतंय, ते त्यात दिसत नाही. निदान ही दुरुस्ती उद्याच्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे (पश्चिम)