कपाटाची किल्ली कोणाकडे? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : प्राथमिक शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असावी, याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरातल्या एका खासगी अनुदानित प्राथमिक शाळेतून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. हे वाक्य वाचून आपल्या विभागातले एखादे जाणते कक्ष अधिकारी लगेच म्हणतील, की असे पदच नाही. त्यांचे बरोबर आहे. माध्यमिक शाळेला पटाप्रमाणे पूर्णवेळ किंवा अर्धवेळ ग्रंथपाल मिळतो. पहिली ते चौथीच्या संच मान्यतेत, म्हणजे शाळेला कोणती पदे मंजूर आहेत ते ठरवणाऱ्या कागदात, मात्र तो रकानाच नसतो. माझा पगार संस्था स्वतःच्या पैशातून द्यायची, आणि तेही आमच्या एका जुन्या कार्यवाहांनी हट्ट धरला म्हणून. नेमणुकीच्या पत्रावर 'लिपिक तथा ग्रंथपाल' असे लिहिले होते. सकाळी दाखले आणि पावत्या, दुपारी पुस्तके. कागदावर नसलेल्या पदावर तीसेक वर्षे काढली. पेन्शन नाही, पण ते रडगाणे या पत्रात गाणार नाही. त्यासाठी वेगळे पत्र लिहावे लागेल आणि ते लिहिणारे माझ्याआधी पुष्कळ आहेत.

हे पत्र किल्लीविषयी आहे.

निवृत्तीनंतर ओळखीच्या शिक्षकांनी बोलावले की मी करवीर, पन्हाळा, राधानगरी तालुक्यांतल्या शाळांत पुस्तके लावून द्यायला जाते. रिकामटेकडेपणाचा उद्योग समजा. शाळेत गेले की आधी एक पुस्तक काढून त्याचे मागचे पान उघडते. तिथे तारखांची चिठ्ठी डकवलेली असते. वापरात असलेल्या पुस्तकाची चिठ्ठी भरून गेलेली असते, तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी, आणि मागचा पुठ्ठा डिंकाने फुगलेला. मी पाहते त्यातल्या बहुतेक चिठ्ठ्या कोऱ्या असतात. काही पुस्तकांची पाने छपाईनंतर एकमेकांपासून सुटलेलीही नसतात. पुस्तके नवी, कपाट लोखंडी, त्याला कुलूप, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात.

यावर शिक्षकांना दोष देणे फार सोपे आहे. मी देणार नाही, कारण त्यांच्या जागी मीही कुलूपच लावले असते. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. बदली झाली की चार्ज देताना साठा नोंदवही उघडते, पुस्तके मोजली जातात, आणि कमी भरलेल्या पुस्तकांचे पैसे भरण्याची वेळ ज्याच्या ताब्यात कपाट होते त्याच्यावर येते. आता समोरचा माणूस बघा. दोन वर्ग एकत्र शिकवणारा, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब ठेवणारा, ऑनलाइन माहिती भरणारा आणि मतदार यादीसाठी दारोदार फिरणारा. सहा वर्षांचे पोर घरी पुस्तक नेणार, धाकटा भाऊ ते फाडणार, आजी त्यावर आमटीचे पातेले ठेवणार. ही जोखीम त्याने कशाच्या जिवावर घ्यावी? न वाचलेल्या पुस्तकाबद्दल त्याला आजवर कोणी जाब विचारलेला नाही. हरवलेल्याबद्दल मात्र विचारतात. वरून अधिकारी येतात तेव्हा पुस्तके किती, हा प्रश्न असतो, आणि कुलूपबंद कपाट त्या प्रश्नाला नेहमी चोख उत्तर देते.

कायद्याचे म्हणाल तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके हवीत, असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच परिशिष्टात किती मुलांमागे किती शिक्षक, हे येते. सहावी ते आठवीला कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक देण्याचीही तरतूद येते. ग्रंथालय सांभाळणारे माणूस मात्र कुठेच येत नाही. म्हणजे खोली आली, पुस्तके आली, आणि ती मुलाच्या हातात कोण देणार, हे लिहायचे राहून गेले.

हे कोल्हापुरातून लिहिताना जरा जास्तच टोचते. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. करवीर नगर वाचन मंदिर 1850 चे. सार्वजनिक ग्रंथालयांचा देशातला पहिला कायदाही कोल्हापूर संस्थानानेच 1945 साली केला, मद्रासच्या कायद्याच्या तीन वर्षे आधी. राज्याचा कायदा यायला 1967 उजाडले. पहिलेपणाच्या या गोष्टी आम्ही कोल्हापूरकर पाहुण्याला रंकाळ्यावर फिरवताना ऐटीत सांगतो. त्याच गावात पहिलीतल्या मुलाला गोष्टीचे पुस्तक मिळते की नाही, हे आज त्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकाच्या धाडसावर ठरते.

आता प्राथमिक शाळेतला ग्रंथपाल करतो काय, ते सांगते, कारण हे काम पुस्तक देणे-घेणे एवढेच आहे असा समज पार वरपर्यंत आहे. मी बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, विषयाप्रमाणे पुस्तकांना क्रमांक देण्याचे दशांश वर्गीकरण शिकले होते. सुरुवातीला मोठ्या उत्साहाने कपाटांवर क्रमांक चिकटवले. दुसरीतली पोरे यायची आणि विचारायची, "बाई, भुताचं हाय काय?" नाहीतर, "लई अक्षराचं नको, चित्राचं द्या." त्यांचे वर्गीकरण तयारच होते. भुताचे, हसायचे, जनावरांचे, जाड अक्षराचे आणि 'ते निळं'. मग मी पुस्तकांच्या पाठीला रंगीत पट्ट्या लावल्या आणि सगळ्यात खालचे दोन खण मुलांच्या हाताला येतील असे मोकळे ठेवले. 'ते निळं' म्हणजे नेमके कोणते, हे ओळखायला मात्र माणूसच लागतो. कोण अडखळत वाचतो आणि मित्रांसमोर जाड पुस्तक मागून फुशारकी मारतो, कोणाला एक पायरी खालचे पुस्तक लाज न वाटू देता द्यायचे, हे वर्षभर पाहून कळते. साठ मुलांच्या वर्गशिक्षकाला यासाठी सवड नसते. निपुण भारत अभियानाचे तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे हे ध्येय मला मनापासून पटते. पण वाचता येऊ लागलेल्या मुलाला त्याच आठवड्यात पुढचे पुस्तक मिळाले नाही, तर आलेले वाचन उन्हाळ्याच्या सुट्टीत विरून जाते. जूनमध्ये तीच मुले पुन्हा अक्षर जोडत बसलेली मी दरवर्षी पाहिली आहेत.

आणि घरी गेलेले पुस्तक एकटे मूल वाचत नाही. तिसरीतल्या एका मुलीचे पुस्तक सारखे उशिरा यायचे. दटावल्यावर म्हणाली, "बाई, आई वाचाय लागलीया, परवा देतो." आई चार घरची धुणीभांडी करायची. पुढे मी त्या मुलीच्या नावावर दोन पुस्तके देऊ लागले, एक तिचे आणि एक आईचे. नियमात बसत नव्हते. नियम तरी कोणता, म्हणा, पदच नियमात नव्हते.

आमच्याकडे कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्यांतली काही मुले यायची, बहुतेक बीडकडची. दिवाळीच्या सुमारास दाखल व्हायची आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की एका रात्रीत गाड्या हलायच्या. त्यांतल्या एका मुलाने जनावरांच्या माहितीचे पुस्तक नेले आणि टोळीबरोबर तेही गेले. वार्षिक मोजणीत ते 'हरवले' या रकान्यात घाला, असे मला सांगण्यात आले. मी पैसे भरले, पण शेऱ्यात 'वाचकाकडे आहे' असे लिहिले. त्यावरून थोडी वादावादी झाली. माझे म्हणणे आजही तेच आहे. ते पुस्तक आमच्या कपाटातल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कामी आले असणार. स्थलांतर करणाऱ्या मुलांना आपला विभाग शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे पुढच्या गावच्या शाळेत त्यांना अडचण येऊ नये. त्या कार्डासोबत दोन पुस्तकेही देऊन टाका. परत मागू नका.

महापुराचे सांगायलाच हवे. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 55 फूट ओलांडले. धोक्याची पातळी 43 फुटांची आहे. आमच्या शाळेत पाणी शिरले. ओसरल्यावर कपाट उघडायला गेलो तर दारच हलेना, आत पुस्तके भिजून फुगून घट्ट बसली होती. पहारीने दार काढले. तेव्हा एक गोष्ट शिकले. गुळगुळीत, चकचकीत कागदावरची महाग रंगीत पुस्तके वाळली तशी पाने एकमेकांना चिकटून वीट झाली. स्वस्त, खरखरीत कागदावरची पुस्तके आणि 'किशोर'चे जुने अंक आम्ही वर्गावर्गांतून दोऱ्या बांधून चिमटे लावून वाळवले, आणि ते वेडेवाकडे होऊन का होईना, वाचले. इथवर निसर्गाचे. पुढचे आपले. विटा झालेली, बुरशी चढलेली ती पुस्तके निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याची, मंजुरी येईपर्यंत टाकायची नाहीत, असा निरोप आला. पोत्यांत भरून ती जिन्याखाली ठेवली. त्या वासाने मुले जिन्यावरून पळत जायची. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला तेव्हा ती पोती तिथेच होती. ती भिजून खराब झाली असे दुसऱ्यांदा कळवावे का, असा प्रश्न मी गंभीरपणे विचारला होता. कोणी हसले नाही.

पैशाचे थोडक्यात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या आराखड्यात ग्रंथालयासाठी शाळेच्या प्रकाराप्रमाणे 5,000 ते 20,000 रुपयांची तरतूद आहे आणि प्राथमिक शाळा त्यात तळाला आहे. पाच हजारांत चांगली पुस्तके येतात, मी आणलेली आहेत. पण निवड शाळेची हवी. वरून ठरून आलेल्या संचांत थोरांची चरित्रे आणि सुविचार फार, सात वर्षांच्या मुलाला हसवणारे कमी, आणि अक्षरे इतकी बारीक की चष्म्यातून मलाच जड जायची. एकाच पुस्तकाच्या पंचवीस प्रती तीस मुलांच्या शाळेला कशासाठी, हे मला तीस वर्षांत कोणी समजावले नाही.

आपल्याकडे मागणे दोन. पहिल्याला पैसे लागत नाहीत. प्राथमिक शाळेतली गोष्टींची पुस्तके ही वापरून संपायची वस्तू आहे, खडू आणि क्रीडा साहित्य जसे संपते तशी, असे एका परिपत्रकाने जाहीर करा. वर्षाला काही टक्के पुस्तके फाटणार, हरवणार, हे गृहीत धरा. टक्का आपण ठरवा, माझ्या अनुभवाने दहा पुरेत. तेवढ्याचे निर्लेखन मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सहीने शाळेतच व्हावे. शिक्षकाकडून वसुली होणार नाही, हे वाक्य त्यात ठळक हवे, कारण कुलूप त्या एका वाक्याने निघणार आहे.

दुसऱ्याला पैसे लागतील. प्रत्येक शाळेला ग्रंथपाल द्या असे म्हणण्याइतकी मी भोळी नाही. वीस-पंचवीस पटाच्या शाळांना शिक्षक टिकवतानाच नाकी नऊ येत आहेत. पण केंद्र, म्हणजे जवळपासच्या काही शाळांचा एक गट, ही व्यवस्था आपल्याकडे आहेच. केंद्राला एक ग्रंथपाल द्या. तो केंद्रातल्या शाळांमधून वार लावून फिरेल, या शाळेतली पुस्तके त्या शाळेत नेईल, खरेदीच्या वेळी शिक्षकांसोबत बसेल, आणि 'ते निळं' ओळखेल. ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या घेऊन दुकानांत बिले फाडणारी मुले-मुली या जिल्ह्यात भरपूर आहेत. आधी एका तालुक्यात करून पाहायचे असेल तर करवीर घ्या. यादी करायला मी बिनपगारी येते, सवय आहे.

15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी शाळाशाळांतून फोटो मागवले जातात. त्या दिवशी कपाटे उघडतात, मुले रांगेत पुस्तके धरून बसतात आणि फोटो अपलोड झाला की पुस्तके आत जातात. यंदा फोटोऐवजी शाळांकडून एक वेगळी गोष्ट मागवून पाहा. सगळ्यात जास्त वापरलेल्या पुस्तकाच्या मागच्या पानावरची चिठ्ठी.

परिपत्रक काढायचे ठरले तर जूनमध्ये शाळा उघडण्याआधी निघावे. पुस्तकांची मोजणी मार्चमध्ये होते आणि मोजणी जवळ आली की दिलेली पुस्तकेही शिक्षक परत गोळा करू लागतात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल,
कोल्हापूर