सहीचा कागद मराठीत द्या की

संपादक साहेब, नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या काकांना खानापूर तालुक्यातून बेळगावात आणून आयसीयूत ठेवलेलं, व्हेंटिलेटरवर. तिथं एक शिकाऊ डॉक्टर मुलगी काकूंकडं सात-आठ पानांचा कागद घेऊन आली, रिसर्च चाललाय, सही करा म्हणून. कागद अर्धा इंग्लिश अर्धा कन्नड, आणि काकूंना मराठीशिवाय दुसरं काही वाचता येत नाही. मुलगी चांगली होती बिचारी, मोडक्या मराठीत सांगत होती, की गुंगीची दोन औषधं आहेत, दोन्ही रोज वापरातलीच, कुठल्यानं पेशंट लवकर शुद्धीवर येऊन मशीन सुटतं ते बघायचंय, कुणाला कुठलं द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवणार. झालं, काकू उठल्याच. म्हणजे चिठ्ठ्या टाकून औषध देणार होय माझ्या माणसाला?

आता ह्यात काकूंचं काय चुकलं सांगा. चिठ्ठी का टाकतात हे कुणी नीट सांगितलंच नाही. डॉक्टरांनाच जेव्हा माहीत नसतं दोन्हीतलं बरं कुठलं, तेव्हा त्यांनी मनानं निवडलं तर बरा पेशंट एकीकडं आणि सिरीयस दुसरीकडं जायचा आणि निकालच खोटा यायचा, म्हणून चिठ्ठी. कोविडमध्ये आपण प्लाझ्मासाठी, म्हणजे बरं झालेल्या माणसाच्या रक्तातल्या पाण्यासाठी, कोल्हापूर-हुबळीपर्यंत फोन लावत होतो आठवतंय ना? आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर अशीच चाचणी केलेली, प्लाझ्मानं मरण काही टळत नाही असा निकाल २०२० च्या ऑक्टोबरलाच छापून आलेला, आणि आपण २०२१ च्या एप्रिलात पण डोनर शोधतच होतो. उलट डेक्सामेथासोन, जुनं स्वस्तातलं औषध, त्यानं इंग्लंडच्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटांचे मृत्यू तिसऱ्या हिश्शानं कमी झाले. हजारो लोकांनी सह्या केल्या म्हणून हे कळलं.

म्हणून मी रिसर्चच्या विरोधात अजिबात नाही. पण औषधांच्या चाचण्यांचे २०१९ चे नियम सांगतात, माहितीपत्रक पेशंटला समजेल अशा साध्या भाषेत पाहिजे, पेशंट बेशुद्ध असला तर घरच्यांना विचारायचं, वाचता येत नसलं तर त्रयस्थ साक्षीदार, आणि कागदाची एक कॉपी आपल्याला द्यायची. ह्या भागात दवाखान्यात येणारी किती माणसं मराठी बोलतात हे हॉस्पिटलवाल्यांना मी सांगायला पाहिजे काय? बिलाचे पैसे मागताना बरं मराठी येतं सगळ्यांना! भाषेचं राजकारण नको, पाट्यांवरच्या भाषेचं भांडण वेगळं, ते चालू द्या, मी फक्त सहीच्या कागदाचं बोलतोय. प्रत्येक एथिक्स कमिटीनं, म्हणजे रिसर्चला परवानगी देणाऱ्या समितीनं, इथं मराठी कागद असल्याशिवाय परवानगीच देऊ नये. आणि 'नाही म्हटलं तरी उपचार तेच मिळणार' हे वाक्य पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी काकूंना सगळं नीट सांगितलं तर म्हणाल्या, मग काल असं सांगायचं की, केली असती सही. पण मशीन लावल्यापासून ठरलेल्या तासांतच नाव घालायचं असतं म्हणे, ते तास निघून गेलेले.

– एक वाचक, वडगाव, बेळगाव