तंबोऱ्याच्या घोडीला कानस नको

महोदय,

प्रदर्शन आले की संग्रहालयातल्या जुन्या तंबोऱ्याला ‘नवे रूप’ देण्याची घाई होते. नवे पॉलिश, नव्या तारा आणि घोडीवर, म्हणजे तारा पेलणाऱ्या आडव्या तुकड्यावर, कानस. पहिल्या दोन्हींचे थोडेफार निस्तरता येते, तिसऱ्याचे नाही.

जुन्या तंबोऱ्यांची घोडी बहुधा हाडाची, सांबरशिंगाची किंवा हस्तिदंती असते. माथा सपाट भासला तरी गळ्याच्या बाजूला किंचित उतरता असतो. तार त्याला घासत थरथरते आणि तार आणि घोडीमधला दोरा नेमक्या जागी सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झणकार, बोलते. काळी एक आणि काळी चार या स्वरपट्ट्यांच्या तंबोऱ्यांचा हा उतार एकसारखा नसतो. वाद्य कुठल्या पट्टीत वाजत होते याचा अंदाज दांडीच्या लांबीइतकाच या उतारावरून, तारांनी पाडलेल्या खाचांवरून बांधता येतो. कानशीचे दहा हात फिरले की सगळे पुसले. लोकांना ऐकवायचेच असेल तर मिरजेहून नवा तंबोरा आणावा. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

तारा पार काढणेही चूक. घोडी बहुधा त्यांच्या दाबावरच बसलेली असते, ती सरकते. चढवूनच ठेवल्या तर तबली, म्हणजे भोपळ्यावरचे लाकडी झाकण, खचते. मेरूपासून (दांडीच्या वरच्या टोकाला तारांखाली असलेल्या आडव्या पट्टीपासून) घोडीपर्यंतचे अंतर आधी लिहून घ्यावे, मग चारही तारा आळीपाळीने, थोड्याथोड्या उतरवून सरळ राहतील एवढ्याच ताणावर ठेवाव्यात.

मुंबईत दमटपणापेक्षा त्यातला चढउतार घातक. दिवसा एसी आणि रात्री बंद, म्हणजे लाकूड रोज फुगणार-आकसणार आणि भोपळा-गळ्याचा सांधा उकलणार. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास चोवीस तास स्थिर हवी. वाद्य भिंतीला टेकवू नये. आडवे ठेवून भोपळ्याखाली कापडाची चुंबळ द्यावी. गवसणीत पावसाळा काढला तर बुरशी ठरलेलीच. खाली बारीक भुसा दिसला की भुंगा लागला समजावे, वाद्य लगेच वेगळे ठेवावे, पण फवारा मारू नये. स्पिरिटने तर पुसूच नये, लाखेचे पॉलिश विरघळते.

फलकावर ‘तंबोरा, लाकूड व भोपळा’ एवढेच असते. घोडी कशाची, तारा मूळच्या की बदललेल्या, घोडीचा माथा घासून जवारी शेवटची केव्हा काढली, हेही लिहावे.

– तंबोरा दुरुस्त करणारे काही कारागीर, दादर, मुंबई