इस्तंबूलच्या मोझॅक संग्रहालयातील त्या पहारेकऱ्यांस

आदरणीय महोदय,

काही वर्षांपूर्वी, संग्रहालय बंद व्हायला जेमतेम अर्धा तास उरला असताना अरास्ता बाजाराच्या गल्लीतून धापा टाकत आलेले एक भारतीय गृहस्थ आणि त्यांची मुलगी आपणांस आठवत असण्याचा संभव कमी आहे. तरीही आपले आभार मानायचे राहून गेले, ही रुखरुख मनात आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या वडिलांनी पुण्यात चाळीस वर्षे फरशी बसवण्याचे काम केले. आमच्याकडे मोझॅक म्हटले की जुन्या इमारतींतली ठिपक्यांची लादी, नाहीतर गच्चीवरचे चायना मोझॅक डोळ्यांपुढे येते. बायझंटाइन सम्राटांच्या महाप्रासादातील, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराच्या त्या फरसबंदीत मी सिंहाला सोंडेने आवळणाऱ्या हत्तीपाशीच रेंगाळले (जंजिऱ्याच्या दरवाजावर वाघाने हत्ती पंजात धरले आहेत, इथे पारडे उलटे!). वडील मात्र चित्रांमधल्या मोकळ्या पांढऱ्या जागेसमोर उकिडवे बसले होते. ते फार जवळ वाकले तेव्हा आपण खुर्चीवरून उठलात आणि मी क्षमायाचनेची तयारी केली.

आपण खिशातून विजेरी काढलीत. उजेड तिरपा पडताच जेमतेम 5 मिलिमीटरचे ते पांढरे खडे सरळ रांगांत नसून कमानीवर कमान अशा अर्धगोलांत बसवलेले दिसू लागले. ‘बालुक’ म्हणत आपण तळहात माशासारखा हलवलात. वडील ओरडले, ‘खवले!’ मग त्यांनी बोटांवर हिशेब मांडला: चौरस मीटरला 40,000 खडे, आणि तेही जिथे कोणी पाहत नाही अशा जागेत.

सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने 1935 पासून केलेले उत्खनन आणि 1983 नंतर ऑस्ट्रियन विज्ञान अकादमीच्या साहाय्याने झालेले जतनकार्य यांविषयी मी नंतर वाचले. त्या पांढऱ्या जागेकडे मात्र आपण विजेरी धरली नसती तर मी पुन्हा वळून पाहिले नसते. बंद होण्याची वेळ झाल्यावरही आपण घाई केली नाहीत. वडिलांचे गुडघे आखडलेले पाहून त्यांना हात देऊन उठवलेत.

गेल्या उन्हाळ्यात गच्चीचे काम नव्याने करताना वडिलांनी कठड्यालगतचा हातभर पट्टा स्वतः बसवला. हाताखालच्या पोराने दोनदा विचारले, ‘काका, सरळ लावू का?’ दोन्ही वेळा त्यांनी त्याच्यापुढे तळहात माशासारखा हलवून दाखवला.

आपली कृतज्ञ,
फरशीवाल्यांची मुलगी